रेमडेसिविरचं बिल आलं, रेमडेसिविर आलं नाही

४०,३६० रुपये. आधी ३१,८६०, मग तासाभरात ८,५००. दोन्ही वेळा यूपीआयने, माझ्याच खात्यातून, पिन मीच टाकलेला. हे ‘पिन तुम्हीच टाकलात ना’ मी बँकेकडून ऐकलं, पोलिसांकडून ऐकलं, नणंदेकडून तर अजून ऐकते. म्हणून आधीच सांगून टाकलं.

गोष्ट २०२१ च्या एप्रिलची, कोविडच्या दुसऱ्या लाटेतली आहे. रेमडेसिविर म्हणजे तेव्हा कोविडच्या पेशंटला लिहून दिलं जाणारं इंजेक्शन. त्याच्यासाठी मी हे पैसे पाठवले, ते कधी आलंच नाही. आता लिहायचं कारण एवढंच की ओळखीतल्या एकीला परवा कॅन्सरच्या औषधासाठी अगदी मला आला होता तसाच निरोप आला. ‘स्टॉक लिमिटेड आहे, आधी प्रिस्क्रिप्शन पाठवा.’ शब्दसुद्धा तेच. म्हणजे दुकान चालूच आहे, फक्त माल बदललाय.

त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर कसल्या याद्या फिरत होत्या ते सगळ्यांना आठवत असेल. बेड, ऑक्सिजन, प्लाझ्मा, रेमडेसिविर, आणि प्रत्येक नंबरापुढे हिरवी खूण करून ‘व्हेरिफाइड’. कुणी केलं व्हेरिफाय? ज्याने पुढे ढकललं त्याने? मला ती यादी ज्यांनी पाठवली ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, अत्यंत सज्जन माणूस. त्यांना त्यांच्या साडूंनी पाठवली होती. साडूंना कुणी, ते विचारायची सोय राहिली नाही. तेही त्याच लाटेत गेले.

सासरे एका खासगी हॉस्पिटलमध्ये होते. ऑक्सिजन ८४ वर आलेला. नवरा पॉझिटिव्ह होऊन घरातल्या एका खोलीत, माझ्याही अंगात कणकण. बातम्या तशाच. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून जास्त रुग्ण तडफडून गेले. दोन दिवसांनी विरारच्या हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागालाच आग. अशात रात्री काउंटरवरची मुलगी काचेखालून चिठ्ठी सरकवते: रेमडेसिविर १०० मिलीग्रॅम, ६ व्हायल, ‘सकाळपर्यंत अरेंज करा.’ अरेंज करा! जणू हळदीकुंकवाची फुलं आणायची होती.

खरं तर हे इंजेक्शन हॉस्पिटलनेच मागणी नोंदवून मिळवायचं, नातेवाइकांना दारोदार पिटाळायचं नाही, असे आदेश त्याच महिन्यात राज्यात ठिकठिकाणी निघाले होते. ते मला नंतर कळलं. त्या काउंटरला नक्की माहीत असणार. आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर २० नोव्हेंबर २०२० लाच सांगितलं होतं की या औषधाने माणूस वाचतो असा पुरावा नाही, दवाखान्यातल्या कोविड रुग्णाला ते देण्याची शिफारस आम्ही करत नाही. पाच महिने आधी! पण आम्हाला ते असं सांगितलं गेलं की सहा बाटल्या आल्या तर बाबा घरी येणार, नाही आल्या तर तुमची जबाबदारी. सासूबाई आजही तेच धरून बसल्यात. ठग चोरच आहेत, पण त्यांचं गिऱ्हाईक त्या चिठ्ठीने तयार केलं. हे मी कुणासमोरही म्हणेन.

आता त्या माणसाबद्दल. मराठी बोलत होता, घाई नाही, मला ‘ताई’ म्हणत होता. पहिला प्रश्न पैशाचा नाही, ‘पेशंटचा स्कोअर किती आलाय?’ मी एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा आकडा सांगितला तर म्हणाला, ‘मग उशीर नका करू ताई. तुम्ही जेवलात का?’ दिवसभरात मला हे दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं.

आणि भाव. काळ्या बाजारवाले मागतील ते मागत होते. त्याच महिन्यात बारामतीत टोळी पकडली गेली, ती रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून ३५ हजारांना एक विकत होती. हा मात्र म्हणाला ४,५००. कंपन्यांनी भाव उतरवल्याची बातमी १७ एप्रिलचीच, सगळ्यात स्वस्त ८९९ आणि सगळ्यात महाग ३,४९०. मी मनात हिशेब केला: हजारभर जास्त घेतोय, आणून द्यायचे असतील. बरं, वर बिल देतो म्हणाला. काळाबाजारवाला बिल देतो का? इथेच मी मऊ पडले. पस्तीस हजार मागितले असते तर संशय तरी आला असता.

त्या बिलाचंच सांगायचंय. ते अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि उघडलं की अंगाचा तिळपापड होतो. कारण मी हेच काम करते. गेली कित्येक वर्षं दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरते. पत्ता भिवंडीच्या गोडाऊनचा, आणि जीएसटी नंबर सुरू होतो ०९ ने. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचा २७. हे मी झोपेतही सांगेन. खाली कर लावलाय १८ टक्के, तोही आयजीएसटी, म्हणजे परराज्यातून येणाऱ्या मालावरचा. भिवंडीहून माझ्याकडे माल येणार तर आयजीएसटी कसला? आणि औषधावर १८? रेमडेसिविरवर तेव्हा १२ टक्के होता, जूनमध्ये तो ५ वर आणला. आणि सगळ्यावर कडी म्हणजे एचएसएनचा, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या कोडचा रकाना: ८४७१. औषधं ३००४ मध्ये येतात. ८४७१ म्हणजे कॉम्प्युटर! कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या दुकानाचं बिल उचलून लॅपटॉपच्या जागी रेमडेसिविर टाकलं होतं. सहा नग, ४,५०० प्रमाणे २७,०००, कर ४,८६०, एकूण ३१,८६०. बेरीज मात्र बरोबर. मी बघितली ती फक्त बेरीज.

एखाद्या दुकानदाराने असं बिल माझ्या टेबलावर ठेवलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण रात्री साडेअकराला, हॉस्पिटलच्या आवारात, मास्कवर मास्क लावून, स्कूटरला टेकून फोनवर बिल बघणारी बाई एचएसएन तपासत नाही. तपासून दाखवा. ‘शिकलेली असून’ म्हणणाऱ्या सगळ्यांना हेच सांगणं आहे.

अजून एक सांगते, कारण हे कुणालाही करता येतं, जीएसटी यायची गरज नाही. यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी समोरच्याच्या खात्यावरचं नाव दिसतं. बोलणारा मराठी, बिल भिवंडीच्या फर्मचं, आणि पडद्यावर नाव कुण्या परप्रांतीय बाईचं. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. ‘अकाउंटंट मॅडम आहेत ताई, फर्मचं लिमिट संपलंय आज.’ तेव्हा सगळ्याच अ‍ॅपची लिमिटं संपत होती, पटलं. तुम्ही पटवून घेऊ नका. नाव जुळत नसेल तर फोन ठेवा, समोरचा रडला तरी ठेवा.

मग ८,५००. ‘आइस बॉक्सचं डिपॉझिट, डिलिव्हरी बॉयला बॉक्स परत दिला की लगेच रिफंड.’ पावडरच्या व्हायलला बर्फ लागतच नाही, ३० अंशांच्या आत ठेवली की पुरते, हे एका केमिस्टने मला नंतर सांगितलं. त्यानंतर ५,००० मागितले, का तर गाडी नाक्यावर अडवली, ई-पास नाही. तिथे मात्र डोक्यात प्रकाश पडला. जिल्हाबंदी होती, पण औषधाच्या गाडीला कोण अडवतंय? मी पैसे परत मागितले तर साहेबांनी क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही हो! पिन टाकला की जातात. एवढी अक्कल शिल्लक होती, म्हणून आकडा ४०,३६० वर थांबला.

बँकेचा नंबर लागायला मध्यरात्र उलटली. ‘व्यवहार आपल्या पिनने प्रमाणित झाला आहे.’ समोरचं खातं तरी गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. चौकीवर गेले तर बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. बँक निर्बंधांमुळे अर्ध्या माणसांवर चाललेली, बाहेर उन्हात रांग. स्टेटमेंट घेऊन गेले तर चौकी म्हणाली हे सायबरचं, सायबरवाले म्हणाले खातं परराज्यातलं, ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन फॉर्म भरताना बारा आकडी व्यवहार क्रमांक टाकेपर्यंत पान लॉगआउट. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. हे त्यांना माहीत नसतं असं थोडंच आहे?

आणि एका हवालदाराने तर कमाल केली. चिठ्ठी वाचली, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे तुम्ही हे ब्लॅकमध्ये घेत होता. आधी तुमचाच जबाब घ्यावा लागेल.’ सासरे वर ऑक्सिजनवर आणि मी इथे आरोपी! मी उठून आले. त्याला तेच हवं होतं. किती बायका-पुरुष असेच उठून गेले असतील आणि किती तक्रारी अशा कमी झाल्या असतील, याचा हिशेब कुठल्या अहवालात येणार? औषध प्रशासनाकडे फोन केला तर उत्तर, ‘औषध हातात नाही तर आम्ही तपासायचं काय?’ हे मात्र खरं होतं. औषध हातात नव्हतंच. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा फोन एकदाच उचलला गेला, आणि त्या पोराचा आवाज इतका बसलेला होता की मीच ‘राहू दे’ म्हणून ठेवला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला तिथे एकट्याला बसवणाऱ्यांवर आहे.

सासरे गेले. इंजेक्शनाविना गेले का, ते असतं तर राहिले असते का, यावर घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

त्यांचं दहावं व्हायच्या आत एका अनोळखी मुलाचा फोन आला. ‘काकू, तुमच्या पेशंटला इंजेक्शन मिळालं ना? त्यांनी पुरावा म्हणून तुमची चिठ्ठी पाठवलीय, त्यावर हा नंबर होता.’ मलाही त्या माणसाने अशाच कुणाकुणाच्या चिठ्ठ्या, आधार कार्डं पाठवली होती, ‘हे बघा, काल दिलेले पेशंट.’ बघून मला धीर आला होता! त्यातल्या एकाही नंबरावर मी फोन केला नाही, या पोराने केला. पण अर्धे पैसे, १५,९३०, तो आधीच पाठवून बसला होता. मी म्हटलं, बाळा, बाकीचे पाठवू नकोस. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग काकू, इंजेक्शन कुठे मिळेल?’

तर चिठ्ठी, आधार, रिपोर्ट कुणालाही असं पाठवू नका. पाठवायचंच झालं तर त्यावर आडवं लिहा, कुणासाठी आणि कुठल्या तारखेला. जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता तपासता येतो, मिनिटभराचं काम आहे. पैसे गेले तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक, मग चौकी, हाच क्रम. पहिल्या तासात खातं गोठलं तर काही हाती लागतं, दुसऱ्या दिवशी ते रिकामं असतं. पुढे कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५०,००० च्या सानुग्रह अनुदानाच्या वेळीही आम्हाला फोन आला, ‘मंजूर झालंय, प्रोसेसिंगचे १,५०० भरा.’ त्या अर्जाला फी नव्हती. मृतांच्या याद्या यांच्या हाती कुठून लागतात, हे कुणी शोधणार आहे का?

माझ्या तक्रारीचे अधिकारी बदलून गेले. नवीन आलेत ते निदान बसा म्हणाले. त्यांचं म्हणणं, एकाच खात्याविरुद्ध चार-पाच तक्रारी आल्या तर एकत्र करून पुढे पाठवता येतील, एकटीची पडून राहते. तेव्हा भिवंडीचा पत्ता, ०९ चा नंबर आणि ८४७१ असलेलं बिल ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते पुसू नका. रक्कम कितीही छोटी असो, आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. ‘ब्लॅकमध्ये घेत होता’ म्हणून कुणी दरडावलं तर चिठ्ठीवरचं हॉस्पिटलचं नाव पुढे करा, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.