यूके व्हिसा रिजेक्ट झाल्यावर परत अप्लाय केलं, दांडिया बाजारच्या या ऑफिसचा अनुभव

आई-बाबांचा यूकेचा व्हिजिटर व्हिसा रिजेक्ट झाला होता, परत अप्लाय करायचं काम या ऑफिसला दिलं आणि दोघांचा व्हिसा आला. पण समजा आला नसता तरी मी पाच स्टारच दिले असते, आणि ते का ते नीट लिहितो, कारण बडोद्यात गल्लोगल्ली व्हिसावाले बसलेत आणि एकदा नकार आला की घरातली मोठी माणसं एकदम खचून जातात, आमच्या आईने तर यूकेतल्या ताईशी फोनवर बोलणंच कमी केलेलं, म्हणे माझ्यामुळे तुला कमीपणा आला.

पहिली फाईल दुसऱ्या एका एजंटने केलेली, नाव घेत नाही. त्याने बाबांना एफडी मोडायला लावून सगळी रक्कम एकदम सेव्हिंगमधे टाकायला लावली, बॅलन्स भारी दिसला पाहिजे म्हणून. फॉर्ममधे कारण टाकलं टुरिझम, लंडनच्या हॉटेलचं कॅन्सल होणारं बुकिंग जोडलं आणि त्याच फाईलमधे ताईचं लेस्टरहून आलेलं आमंत्रणाचं पत्र पण. मुक्काम पाच महिने. आता ऑफिसरने यातून काय समजायचं, ही दोघं हॉटेलात राहणार का मुलीकडे, आणि पेन्शनवर पाच महिने लंडनच्या हॉटेलात कोण राहतं? नकार आल्यावर हाच माणूस म्हणतो, काही नाही हो, नशिबाचा खेळ आहे, लगेच दुसरी टाकू आणि या वेळी फॉर्ममधे रिजेक्शनचं लिहायचंच नाही. बाबांनी तिथल्या तिथे कागद परत मागितले.

या ऑफिसमधे गेलो तेव्हा तिथे काम बघणाऱ्या बेनने (गुजरातीत ताई, सगळे त्यांना बेनच म्हणतात) आधी काही विचारलंच नाही, फक्त नकाराचं पत्र मागितलं. बाबा बॅंकेची पासबुकं, घराचे कागद, ताईच्या लग्नाचा अल्बम सगळं पिशवीतून काढायला लागले तर म्हणाल्या ते राहू दे काका, आधी पत्र. मग पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचली, मोठ्याने, आईला कळेल अशा साध्या गुजरातीत, आणि तीन वाक्यांखाली रेघ मारली. एक, खात्यात अचानक मोठी रक्कम आली ती कुठून ते दाखवलेलं नाही. दोन, येण्याचं कारण आणि राहण्याची सोय यांचा मेळ लागत नाही. तीन, म्हणून मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल अशी खात्री वाटत नाही. बेन म्हणाल्या, हीच तुमची प्रश्नपत्रिका, दुसऱ्या फाईलमधे या तिन्हीची उत्तरं नसतील तर पैसे भरू नका. आधीच्या एजंटने हे पत्र आम्हाला कधी समजावून पण सांगितलं नव्हतं, नुसतं व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेलं.

नियम पण त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला साधं अपील नाही, मानवी हक्कांचा मुद्दा असेल तर गोष्ट वेगळी, आणि ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू (त्याच निर्णयाची त्यांच्याकडूनच फेरतपासणी) पण मिळत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांना नवीन अर्ज हाच रस्ता. परत अप्लाय करायला अमुक दिवस थांबा असा काही नियम नाहीये, दुसऱ्या दिवशी पण करता येतं, पण फी परत पूर्ण भरायची, सहा महिन्यांच्या व्हिसाची एप्रिल २०२५ मधे ११५ ची १२७ पौंड झाली होती आणि ती माणशी, म्हणजे नवरा-बायकोचे दोन वेगळे अर्ज आणि दोन फिया. आणि नकार लपवायचा नाही. फॉर्ममधे सरळ प्रश्नच असतो की यूके किंवा दुसऱ्या कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का, तिथे खोटं लिहिलं आणि त्यांनी ती फसवणूक ठरवली तर दहा वर्षांची बंदी बसू शकते. बाबांकडे बघून म्हणाल्या, "काका, कशुं छुपाववानुं नहीं." हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला, कारण तिला त्या खोट्याचीच जास्त भीती होती.

मग खरं काम सुरू झालं. बॅंक स्टेटमेंटचं तर मी बघतच राहिलो. प्रत्येक मोठ्या जमा रकमेसमोर पेनाने एक नंबर, आणि त्याच नंबरचा कागद मागे जोडलेला. एफडीची रक्कम आली तिथे बॅंकेची एफडी बंद केल्याची पावती, खालच्या दुकानाचं भाडं येतं तिथे भाडेकरार, पेन्शनसमोर पेन्शनचा कागद. म्हणजे जी रक्कम आधी संशयाची झालेली तीच आता बाबांची अनेक वर्षांची बचत म्हणून दिसायला लागली, नवीन एक रुपया पण खात्यात टाकला नाही. उलट त्यांनी काही महिने थांबायला लावलं, खातं नेहमीसारखं चालू दे, भाडं, पेन्शन, लाईट बिल, मग स्टेटमेंट काढू. घाईत असलेल्या माणसाला हे ऐकायला जड जातं, ताईची तर चिडचिड झाली, पण बरोबर तेच होतं.

मुक्काम पाच महिन्यांवरून दीड महिन्यावर आणला. हॉटेल काढून टाकलं, कारण स्पष्ट लिहिलं की मुलगी, जावई आणि नातवाला भेटायला जातोय, त्यांच्याच घरी राहणार. नातेवाईकाने खर्च केलेला चालतो, पण नातं खरं आहे आणि तो खर्च करू शकतो हे दिसायला हवं, म्हणून ताईकडून पगाराच्या स्लिपा, तिचं बॅंक स्टेटमेंट, घराचा करार, तिच्या तिथल्या व्हिसाचा पुरावा, आणि नातं दाखवायला तिचा जन्मदाखला. विमानाचं तिकीट आधी काढू दिलं नाही, व्हिसा येऊ दे मग काढा.

परत येणार हे कसं दाखवायचं यावर बेननी सगळ्यात जास्त वेळ दिला. घराचं वेरा बिल (घरपट्टी) आणि दुकानाचा करार तर होताच, पण बोलता बोलता कळलं की आजी आमच्याकडेच असते आणि तिचं डॉक्टर-औषध सगळं आई बघते. आईला वाटत होतं घरात म्हातारं माणूस आहे म्हटल्यावर व्हिसा देणार नाहीत! बेन म्हणाल्या मावशी, तुम्ही परत का येणार याचं याहून मोठं कारण कुठलं. आजीच्या दवाखान्याचे कागद लागले, मागे कोण बघणार त्यात माझं पत्र लागलं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, ते पत्र गुजरातीत होतं, वेरा बिल पण, तर इंग्लिश भाषांतर करून त्यावर भाषांतर करणाऱ्याची सही, नाव, तारीख, पत्ता-फोन आणि भाषांतर बरोबर असल्याचं लिहून घेतलं. लग्नाचा अल्बम, एलआयसीच्या पॉलिश्या, बाबांच्या कंपनीतली जुनी सर्टिफिकेटं सगळं परत पिशवीत. फाईल पहिल्यापेक्षा बारीक झाली.

कव्हर लेटर दोन पानांचं, पहिल्याच परिच्छेदात आधी नकार आलेला ते तारखेसकट, मग त्यांच्या पत्रातलं एकेक वाक्य आणि त्याखाली आमचं उत्तर आणि कुठल्या नंबरचा कागद बघायचा ते. सही करायच्या आधी बेननी ते बाबांना मोठ्याने वाचायला लावलं, काही चुकीचं वाटलं तर आत्ता सांगा म्हणून. बोटांचे ठसे आणि फोटो अहमदाबादच्या सेंटरवर, तिथे आपल्यालाच जावं लागतं.

अजून एक गोष्ट जी माझ्या समोर घडली. बाकावर मांजलपूरचे एक काका बसलेले, त्यांचा अमेरिकेचा व्हिसा मुंबईला इंटरव्ह्यूत नाकारला गेला होता, हातात २१४ बी चा (ज्या कलमाखाली नकार देतात ते) छापील कागद. त्यांना परत लगेच डेट हवी होती. बेननी सांगितलं की या कागदात यूकेसारखी तुमच्या केसची कारणं नसतात, अपील यात पण नाही, आणि मागच्या वेळेपासून तुमच्या परिस्थितीत काहीच बदललं नसेल तर आत्ता परत १८५ डॉलर भरून हाती काय येणार, थांबा. काका फी द्यायला तयार होते, त्यांनी घेतली नाही. शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) एका बाईंना मात्र सांगितलं की तुमच्या नकाराच्या फॉर्मवर कुठल्या कारणावर टिक आहे ते आधी बघू, तिथे अपीलचा हक्क असतो आणि ते कुठे करायचं ते त्यावरच लिहिलेलं असतं. म्हणजे प्रत्येक देशाचं वेगळं, सगळ्यांना एकच गोळी नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा, आईच्या गुडघ्यांना फार त्रास झाला, वयस्कर लोकांसाठी खाली बसायची काहीतरी सोय कराच. संध्याकाळी फोन लागत नाही, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. दांडिया बाजारात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, रिक्षाने गेलेलं बरं. फी इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, अर्धी सुरुवातीला आणि अर्धी फाईल सबमिट झाल्यावर, आणि गॅरंटी देत नाहीत, तोंडावर सांगतात की निर्णय त्यांचा, आमच्या हातात फक्त कागद. मला हे बोलणं आवडलं, शंभर टक्के करून देतो म्हणणाऱ्याचा अनुभव घेऊन झालाय.

जाणार असाल तर नकाराचं मूळ पत्र आणि पहिल्या वेळी भरलेल्या फॉर्मची कॉपी दोन्ही घेऊन जा. जुन्या एजंटकडून फॉर्मची कॉपी मागून घ्या, तुमचा हक्क आहे, कारण तेव्हा काय लिहिलेलं ते माहीत नसेल तर दुसऱ्या फॉर्ममधे तफावत येते आणि बेन त्याशिवाय काम सुरूच करत नाहीत. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी चारनंतर गेलात तर निवांत बोलतात.