पीक फ्लो मीटर : दोन वर्षांच्या वापरानंतरचे मत

आपली छाती आज किती मोकळी आहे हे दम्याच्या रुग्णाला मुद्दाम मोजावे लागत नाही, ते आतूनच कळते, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या आग्रहाखातर घेतलेल्या एका साध्या प्लास्टिकच्या नळीने तो खोटा ठरवला. छाती गच्च वाटत असताना आकडा चांगला येतो आणि काहीच वाटत नसताना तो घसरलेला असतो, हे दोन्ही मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या वस्तूबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

पीक फ्लो मीटरला बॅटरी लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. नळीच्या एका टोकाला तोंडात धरायचा भाग, आत स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध सरकणारा दट्ट्या, आणि वरच्या खाचेत दट्ट्याने ढकलला जाणारा एक छोटा काटा, एवढाच त्याचा पसारा. जोराने फुंकले की दट्ट्या पुढे जातो, तो पुढे जाईल तशी हवा निसटायची फट मोठी होत जाते, आणि काटा जिथवर पोहोचला तिथेच थांबून राहतो. समोरचा आकडा लिटर प्रति मिनिट या मापात असतो. मिनिटभर फुंकायचे मात्र नसते, पहिल्या झटक्यात हवेने गाठलेला सर्वाधिक वेग तेवढा तो सांगतो. श्वासनलिका सुजून आकसल्या की हवा बाहेर पडायला अडथळा होतो आणि हा वेग उतरतो. मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाने १९५९ मध्ये मांडलेले मूळ यंत्र चांगलेच जड आणि गोल तबकडीचे होते. १९७० च्या दशकात त्याची छोटी नळी झाली आणि हे मोजमाप घरी करता येऊ लागले.

वापरायला सोपे आहे असे वेष्टनावर लिहिलेले असते, पण त्यावर विसंबू नये. पहिले चार दिवस मी फुगा फुगवावा तशी सावकाश आणि लांब फुंकर मारत होते आणि ३२० च्या आसपासचे आकडे पाहून धास्तावत होते. डॉक्टरांनी समोर उभे करून पद्धत दुरुस्त केली आणि त्याच दिवशी काटा ४५० वर गेला. काटा तळाशी आणायचा, उभे राहून छातीभर श्वास घ्यायचा, तोंडातला भाग ओठांनी घट्ट कवटाळायचा, जिभेने भोक किंवा बोटाने खाच अडवायची नाही, आणि मग एकाच झटक्यात, जमेल तितक्या जोराने हवा बाहेर टाकायची. हे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. मध्येच खोकला आला तर तो प्रयत्न सोडून द्यावा.

दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी केल्या की आपली ‘सर्वोत्तम’ नोंद हाती येते. वय, उंची आणि लिंग यांवरून काढलेले तक्ते असतात, पण स्वतःचा आकडाच अधिक उपयोगाचा. माझा ४८० निघाला. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३८४ च्या वर हिरवा टप्पा. त्याखाली २४० पर्यंत पिवळा. आणि निम्म्याखाली, म्हणजे २४० च्या खाली लाल, जिथे तातडीचा पंप घेऊन लगेच वैद्यकीय मदत गाठायची असते. कोणत्या टप्प्यात कोणते औषध किती घ्यायचे हे डॉक्टरांनी लेखी दिलेले असावे. तो कागद नसेल तर आकडा कळूनही पुढे काय करायचे ते कळत नाही.

या नळीची खरी किंमत मला कळली ती त्रासाची कारणे शोधताना. सुरुवातीच्या महिन्यात माझी सकाळची नोंद ३९० आणि संध्याकाळची ४७० अशी येत असे. पहाटे श्वासनलिका थोड्या आकसणे स्वाभाविक असते, पण दिवसातला फरक त्या दिवसाच्या सरासरीने भागून एक-दोन आठवडे पाहिला आणि तो प्रौढ माणसात सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिला, तर दमा नीट आटोक्यात नाही असे समजतात. माझा फरक १८ टक्क्यांच्या पुढे होता. संशय गादी-पांघरुणावर गेला. धुळीतले सूक्ष्म किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत वाढतात, आणि ते नुसत्या झटकण्याने जात नाहीत; कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले तर मरतात. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात जाऊ लागले, गादीला घट्ट विणीचे आवरण आले, जुनी जाड रजई निघाली, आणि दोन महिन्यांत सकाळचा आकडा ४४० वर आला. अर्थात याचे सगळे श्रेय रजईला देणे बरोबर होणार नाही, कारण त्याच महिन्यात माझी पंप घेण्याची पद्धतही चुकीची निघून सुधारली गेली होती. दोन बदल एकदम केले की नोंदवहीसुद्धा मुकी होते, हे तेव्हा कळले.

न्हाणीघर धुण्याच्या द्रवाचा प्रयोग मात्र स्वच्छ झाला. ब्लीच असलेल्या द्रवाने फरशी घासण्यापूर्वी ४६०, अर्ध्या तासाने ३७०. आठवड्याने पुन्हा तेच घडले. तिसऱ्या वेळी साधा साबण वापरून खिडकी उघडी ठेवली आणि आकडा जवळजवळ हलला नाही. (ब्लीच आणि आम्ल असलेला द्रव एकत्र ओतला तर क्लोरीन वायू निघतो, तो निरोगी फुप्फुसांनाही झेपत नाही, दम्याच्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.)

खोट्या भीती निघून जाणे हा मला अनपेक्षित लाभ होता. धाप लागेल म्हणून मी झपझप चालणे वर्षानुवर्षे टाळले होते. चालण्याआधी आणि थांबल्यावर दहा मिनिटांनी मोजायला सुरुवात केली, कारण व्यायामामुळे येणारी घसरण बहुधा थांबल्यानंतरच दिसते. एरवी फरक १० लिटरचा. फक्त कोरड्या थंड हवेच्या एका सकाळी ४७० वरून ३८० वर आले. मग अशा दिवशी नाका-तोंडावर रुमाल बांधणे, सुरुवात संथ करणे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी पंप घेणे एवढ्यावर काम भागले, आणि बाकीचे दिवस मोकळे झाले.

दमा उसळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे साधी विषाणूजन्य सर्दी. गेल्या वर्षी घसा नुसता खवखवत होता, छातीत घरघर नव्हती, आणि मीटर ३६० दाखवत होता. मी तीनदा पुन्हा फुंकून पाहिले. कागदावर पिवळ्या टप्प्यासाठी लिहिले होते त्याप्रमाणे औषध वाढवले. खोकला तिसऱ्या दिवशी आलाच, पण या वेळी रात्र उशीला टेकून बसून काढावी लागली नाही.

आता उणिवा. आकडा तुमच्या जोरावर अवलंबून असतो. आळसाने फुंकले तर तो खाली येतो. तो मुख्यतः मोठ्या श्वासनलिकांबद्दल सांगतो, त्यामुळे लहान नलिकांमधला अडथळा निसटू शकतो. फुप्फुसांच्या सविस्तर तपासणीची जागा ही नळी घेत नाही, आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा जमत नाही. वाक्य पुरे करता येईना इतका दम लागला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मीटर शोधत बसू नये, मदत गाठावी. आणि रोज घ्यायचे सूज कमी करणारे औषध सोडून केवळ आकडे लिहीत राहण्याला काही अर्थ नाही.

वस्तू म्हणून माझ्या तक्रारी तीन. सोबतचे माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात आहे की भिंग घ्यावे लागले. तोंडाच्या भागाला झाकण नाही, त्यामुळे नळी पिशवीत टाकली की धूळ आत जाते. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते. तिसरी तक्रार गंभीर आहे. टप्पे दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या वर्षभरात सैल झाल्या आणि हिरव्याची सुरुवात नकळत ३४० वर सरकली. मी आकडा वहीत लिहीत होते म्हणून लक्षात आले. रंगावर भिस्त ठेवणाऱ्याला ते कळले नसते.

दोन वर्षे झाल्यामुळे गेल्या महिन्यात नवा मीटर घेतला. जुना ४७० दाखवत असता तिथे नवा ४४५ दाखवतो, एकाच सकाळी, एकाच छातीला. असा फरक दोन मीटरांमध्ये, विशेषतः मोजपट्टी वेगळी असेल तर, पडतोच. म्हणून दोन आठवडे नव्याने नोंदी करून सर्वोत्तम आकडा पुन्हा काढला आणि डॉक्टरांकडून टप्पे बदलून घेतले. वहीत त्या तारखेला लाल शाईने आडवी रेघ मारली आहे, आणि घाईत चुकून हाताला लागू नये म्हणून जुना मीटर घराबाहेर काढला आहे.