कम्युनिटी फाउंडेशनची ग्रँट : पलंग मागू नका, मिस्त्रीचा पगार मागा

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा दुसऱ्या हप्त्याने खाल्ला, अर्धा इंग्रजी फॉर्मने. उरलेले साडेतीन मनापासून.

आमच्या केंद्राला ग्रँट देणाऱ्या फाउंडेशनचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि तिथे बसणाऱ्या माणसांशी माझं काही वाकडं नाही. नागपुरात छोटी संस्था चालवणाऱ्यांना चार ओळींत ओळख पटेलच.

आधी आमचं काम सांगते. हनुमाननगरात आमचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. फाउलर कॉट (हँडलने डोक्याकडची बाजू वर होणारा पलंग), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची असं सामान आम्ही अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतो. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, हाकेच्या अंतरावर. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर तर आलेच, पण छिंदवाडा-बालाघाटहूनही पेशंट तिथे येतात. पाय मोडलेला किंवा लकवा मारलेला माणूस सुट्टी होऊन घरी न्यायचा, तर नातेवाईक आधी आमच्या दारात उभे राहतात. मी कोषाध्यक्ष. सगळी नोकरी वीज मंडळाच्या अकाउंट्समध्ये झाली, त्यामुळे ताळेबंद जुळला नाही की मला जेवण जात नाही, हे धरून पुढचं वाचा.

आमच्यासारख्यांना वस्तूंची चणचण नसते. घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेरावं व्हायच्या आत पोरं पलंग आणून देतात, कारण तो डोळ्यांसमोर नको असतो. वाढदिवसाला व्हीलचेअर देणारे आहेत; पाठीवर आईवडिलांचं नाव रंगवा, एवढीच अट. कोरोनानंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इतके आले की ठेवायला जागा नव्हती. आता ते माळ्यावर आहेत. मशीन वापराविना पडून राहिली की आतलं झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे, ओल धरतं, मग ती नुसती घरघर करते, ऑक्सिजन म्हणावा तसा देत नाही. दुरुस्तीला पैसे मागितले की दाते म्हणतात, "नवीनच घेऊन देतो ना काकू." व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक, एअर बेडचा पंप, कॉटचं हँडल, गाळ्याचं भाडं आणि हे सगळं चालतं ठेवणारा आमचा मिस्त्री, यांना दाता मिळत नाही. मिस्त्रीच्या पगाराची पाटी कोण लावणार?

कम्युनिटी फाउंडेशनकडे गेलो ते यासाठी. आमचे अध्यक्ष आधी म्हणाले, "म्हणजे ट्रस्टच ना जी?" ट्रस्टच. फक्त एका घराण्याची किंवा एका कंपनीची नाही. एका भागातले अनेक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात, त्यातली काही रक्कम कायम निधी म्हणून बाजूला राहते, आणि तिच्या व्याजातून व चालू देणग्यांतून त्याच भागातल्या संस्थांना मदत जाते. कोणाला किती, हे तिथलीच समिती ठरवते. अशी पहिली संस्था १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने काढली. त्याची चिंता मला आपल्या गल्लीतली वाटली. श्रीमंत माणूस मृत्युपत्रात एखाद्या कामाला पैसा बांधून जातो, पुढे ते कामच उरत नाही आणि पैसा पडून राहतो. म्हणून त्याने ठरवलं की पैसा कायमचा राहील, पण तो कुठे लावायचा हे त्या त्या वेळचे लोक ठरवतील. आपल्याकडे पाणपोई-धर्मशाळेच्या नावाने दिलेल्या जुन्या देणग्या आठवा. हेतू बदलायचा तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ५५ आणि कोर्टाची पायरी. भारतात मुंबईची बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ पासून आहे. नागपूरकर मात्र अजूनही देणगी म्हटलं की मंदिर, गणेश मंडळ किंवा महाप्रसाद यांच्यापुढे सहज जात नाही, आणि त्यात मीही आले.

आता सेवेबद्दल.

कागद तेच जे कुठेही लागतात: धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी उतारा, आयकरातली १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, पॅन, संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा नंबर, मागच्या ३ वर्षांचे ऑडिट. गाडी अडते ती उताऱ्यावर. आपल्या निम्म्या मंडळांच्या उताऱ्यावर अजून स्वर्गवासी विश्वस्तांची नावं असतील. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी देत नाही. फाउंडेशन उताऱ्यावरची नावं आणि बँकेत सही करणाऱ्यांची नावं ताडून पाहतं. आमची जुळली. आमच्यासोबत अर्ज केलेल्या, मुलींची अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेची जुळली नाहीत. इथे मला फाउंडेशन आवडलं. त्यांनी अर्ज परत केला नाही, पुढच्या फेरीसाठी बाजूला ठेवला आणि महिन्यातून एकदा फुकट बसणाऱ्या सीएंकडे त्या संस्थेच्या बाईंना पाठवलं. धर्मादायच्या कामाला वकील काय फी सांगतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याची किंमत कळेल.

त्या सीएंकडून आम्हीही बरंच घेऊन आलो. देणगीदारांना ८०जीची पावती दाखवून भुलवू नका, असं ते स्पष्ट बोलले. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, आणि आता बहुतेक पगारदार तिकडेच गेलेत. जुन्या प्रणालीतही २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर दिवसाला २०० रुपये. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं आणि आमच्या सचिवांकडे बघून सांगितलं.

काम पाहायला आलेल्या फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसर जेमतेम पंचविशीच्या असतील. आम्ही फोटोंचा अल्बम काढून ठेवला होता, चहा-पोह्यांची तयारी होती. त्यांनी अल्बम बाजूला सारला आणि इश्यू रजिस्टर मागितलं. 'परत तारीख' या रकान्यावरून बोट फिरवत खाली आल्या, रिकाम्या जागी थांबल्या, "काकू, ही वस्तू कुठे आहे?" काही पेशंटच्या घरी वापरात होत्या. काहींचा पेशंट गेला होता आणि घरच्यांना फोन करायला आमचीच जीभ रेटत नव्हती. हे त्यांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली, पण बोट पुढच्या रिकाम्या जागेवर गेलंच.

मग मागच्या खोलीत जाऊन एकेक कॉट उघडायला लावली. एकीचं हँडल फिरवलं तर डोक्याकडची बाजू अर्ध्यात अडकली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, रॉडचे आटे गेले जी. वेल्डिंग मारून चालवून राहिलो." त्यांनी त्याला विचारलं, दिवसाला किती वेळ येतोस, किती मिळतात. तो माझ्याकडे बघायला लागला. अर्जात आमच्या केंद्राच्या समितीच्या आग्रहाने नव्या पलंगांची मागणी होती. त्या म्हणाल्या, "नवे पलंग मी मांडते फाउंडेशनच्या समितीपुढे, पण मला वाटतं तुम्ही यांचा पगार मागा." मी तर तेच म्हणत होते. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मंजूर झाले २,४०,००० रुपये, एका वर्षासाठी. मिस्त्रीला महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००, सुट्या भागांना ६०,०००, उरलेले ३६,००० गाळ्याच्या भाड्यात. रक्कम फार नाही. पण आमच्या अनुभवात कोणी माणसाच्या पगाराला पैसे दिले, हे पहिल्यांदा. पूर्वी मिस्त्री सवड मिळेल तेव्हा यायचा, आता रोज दुपारी दोनपासून असतो. परत आलेली व्हीलचेअर त्याच आठवड्यात धुऊन, चाक बघून, बेअरिंगला ग्रीस लावून पुन्हा जाते. एअर बेडचा पंप बंद म्हणून पेशंटला पाठवून द्यावं लागत नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून एअर बेड मागायला आलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" सांगण्याइतकं वाईट काही नाही.

आता तक्रारी. फॉर्म इंग्रजीत आणि तोही ऑनलाइन, शब्दमर्यादेसकट. नागपुरातल्या वस्त्यांत काम करणाऱ्या बायांसाठी फाउंडेशन काढायचं आणि त्यांना 'थिअरी ऑफ चेंज', म्हणजे कामातून बदल कसा घडणार याची मांडणी, विचारायची, हे काही पटत नाही. 'आउटकम'च्या, म्हणजे परिणामाच्या, रकान्यात आम्ही लिहिलं: पलंग गेला, पेशंटच्या पाठीला जखम झाली नाही, पलंग परत आला. भाचीने त्याचं इंग्रजी केलं. मुलाखत मात्र मराठीतच झाली, मग फॉर्मला काय धाड भरली होती?

हप्ते दोन. पहिला ६० टक्के वेळेवर आला. उरलेल्या ९६,००० साठी यूसी द्यायची, म्हणजे खर्चाचा दाखला. दिली. तर तोवर त्यांचा नमुना बदललेला. नव्या नमुन्यात दिली, तर चाकांचं जीएसटी बिल हवं म्हणाले. उंटखान्याजवळचा सायकलवाला चाक बसवून देतो आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतो. त्याच्याकडून पक्कं बिल आणायचं तर चाक दुप्पट किमतीला मोठ्या दुकानातून घ्यावं लागेल. मी व्हाउचर, त्यावर सायकलवाल्याची सही आणि जुन्या-नव्या चाकाचा फोटो असं जोडलं. मॅडमना पटलं, समितीला पटायला समिती बसायला पाहिजे. ती तिमाहीतून एकदा बसते, आणि कोरम झाला नाही की प्रकरण पुढच्या तिमाहीवर. दसऱ्याला धरलेला हप्ता होळीच्या तोंडावर आला. मधले महिने मिस्त्रीचा पगार अध्यक्षांनी खिशातून दिला. ज्या संस्थेचे अध्यक्ष पेन्शनर नाहीत, तिने काय करावं?

त्यांचीही बाजू आहे, तीही सांगते. २०२३ च्या अर्थविषयक कायद्यातल्या बदलानंतर एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच देणाऱ्या ट्रस्टच्या कामावरचा खर्च म्हणून धरतात. ज्यांचं कामच दुसऱ्यांना देणं आहे, त्यांच्या हिशेबाला हा खड्डा. परदेशी पैशाचं तर आणखी कडक: २०२० च्या दुरुस्तीपासून एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. म्हणून "तुमच्याकडे अमेरिकेचा पैसा येतो का" असं विचारू नका, आला तरी आपल्यापर्यंत येणार नाही. मात्र तुमचा मुलगा न्यू जर्सीत असेल आणि पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला की धरतात, मग तो धंतोलीत वाढलेला का असेना.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं मॅचिंग. शहरातून नवे देणगीदार आणा, जितके जमवाल तितके आम्ही घालू, मर्यादा ५०,००० रुपये. अट एकच, जुन्या देणगीदारांचे पैसे नव्या नावाने दाखवायचे नाहीत. आम्ही काउंटरवर क्यूआर लावला आणि बाजूला लिहिलं: 'तुम्ही १०० दिले तर केंद्राला २०० मिळतात.' पलंग परत करायला आलेली माणसं अनामत परत घेताना ते वाचायची. वर्ध्याहून आलेल्या एका गृहस्थांनी अनामतीतले अर्धे सोडले आणि विचारलं, याचं काय करणार? मी मिस्त्रीकडे बोट केलं. तो खाली बसून ग्रीस लावत होता. ते म्हणाले, "मग सगळेच ठेवा." मेडिकल चौकातल्या औषधवाल्यांनी दिले, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी दिले. मर्यादा गाठली. यातले बरेच जण आता दरवर्षी देतील अशी चिन्हं आहेत, आणि फाउंडेशन उद्या बंद पडलं तरी ते आमचेच राहतील.

लोक विचारतात, सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांना सामाजिक कामावर करावा लागणाऱ्या खर्चाचं, का नाही बघत? नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत, हिंगणा-बुटीबोरीला कारखाने आहेत. बघा जरूर. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. पण कायदाच सांगतो की कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, त्यामुळे खाणीच्या कंपनीने खाणीजवळच्या गावांकडे आधी पाहिलं तर त्यात गैर काही नाही. आपल्याला सीएसआर-१ ची, म्हणजे असा पैसा घेणाऱ्या संस्थांची सरकारी, नोंदणी आणि कामाचा ३ वर्षांचा दाखला लागतो. आणि दोन-अडीच लाखांसाठी एवढ्या मोठ्या कंपनीच्या फाइलीत शिरायचं, तर फाइलच आपल्यापेक्षा मोठी होते.

कोणी जावं? ज्यांचं काम चालू आहे, हिशेब लिहिलेला आहे आणि पैसे अशा ठिकाणी कमी पडतात की जिथे दाता फोटो काढून घेऊ शकत नाही. नवीन संस्थेने थांबावं, ३ वर्षांचे ऑडिट नसतील तर पोर्टल पुढेच सरकू देत नाही. इमारत बांधायची असेल तरीही नको, ते त्यांच्या कुवतीतलं नाही. दुसरा हप्ता येईपर्यंत निदान चार महिन्यांचे पगार आपल्या खात्यात असू द्या. बजेटमध्ये 'किरकोळ खर्च' लिहू नका, सरळ खोडतात. चहाचे पैसेसुद्धा चहा म्हणून लिहा.

पुढची फेरी दिवाळीनंतर उघडेल असं सांगितलंय. आमच्या मंजूर अर्जाची झेरॉक्स मी केंद्रावर ठेवली आहे, मराठी कच्चा खर्डा आणि भाचीचं इंग्रजी दोन्ही, शिवाय सायकलवाल्याच्या व्हाउचरचा नमुना, जो शेवटी त्यांनी मान्य केला. दुपारी दोननंतर या. मी नसले तर मिस्त्रीला मागा, त्याला कपाट माहीत आहे.