डिग आणि एनएसलुकअप: आठ महिने वापरल्यावर

साइट नव्या सर्व्हरवर हलवली की होस्टिंगवाल्यांचं पाठ केलेलं उत्तर येतं, "२४ ते ४८ तास थांबा, सर." उद्यमनगरातल्या फाउंड्रीची साइट जुन्याच सर्व्हरवर उघडत असताना हे ऐकलं की डोकं फिरतं. खरा आकडा डिगच्या उत्तरात असतो. (डिग आणि एनएसलुकअप म्हणजे साइटच्या नावामागचा पत्ता डीएनएसला विचारणाऱ्या कमांड.) नावाला लागून जो रकाना येतो तो टीटीएल, म्हणजे हे उत्तर अजून किती वेळ साठवून ठेवायचं ते, सेकंदांत. त्या एका रकान्यासाठी मी डिगला पैकीच्या पैकी देईन.

डिग चालवा, दहा सेकंदांनी परत चालवा. २७४० चे २७३० झाले, तर रिझॉल्व्हर (आपल्या वतीने पत्ता शोधून आणणारा सर्व्हर) कॅशमधलं, म्हणजे साठवलेलं उत्तर देतोय. पाऊण तासात सुटेल. (८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या रिझॉल्व्हरला विचारलं तर आकडा मागेपुढे उड्या मारतो, कारण तिथे कॅश एकच नाही.) मग @ लावून थेट डोमेनच्या नेमसर्व्हरला, म्हणजे मूळ नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला विचारा. तिथेही जुनाच पत्ता आला, तर वाट बघण्यात अर्थ नाही. झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या मूळ नोंदींत बदल झालेलाच नाही.

४८ तास अगदीच हवेतले नाहीत, हे मात्र डिगला +ट्रेस लावून उत्तर मुळापासून टप्प्याटप्प्याने बघितल्यावर मान्य करावं लागलं. डॉट कॉमचे सर्व्हर नेमसर्व्हरची नावं १,७२,८०० सेकंदांच्या टीटीएलने देतात, म्हणजे बरोब्बर दोन दिवस. पण ते नेमसर्व्हरच बदलले तर. नुसत्या ए रेकॉर्डला (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) तो हिशोब लावायचा नाही. तिथे आदल्या दिवशीच टीटीएल ८६४०० वरून ३०० वर आणायचा आणि मग साइट हलवायची.

एनएसलुकअपवर राग एवढाच, की तो टीटीएल लपवतो. वर "नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर" छापून गिऱ्हाइकाला घाबरवतो; अर्थ इतकाच की उत्तर मूळ नेमसर्व्हरकडून आलेलं नाही. पण -डीबग लावलं की टीटीएलही दिसतो, तेव्हा शिव्या थोड्या मागे घेतो. डिग ज्यात येतो ते बाइंड ९.१८ पासून विंडोजसाठी येत नाही, त्यामुळे गूळ मार्केटातल्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर डिग सहज मिळायचा नाही. एनएसलुकअप तिथे आधीपासून असतो, फुकट. नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर तो ऑफिसचं डोमेन मागे चिकटवून भलतंच शोधतो.

सगळ्यात महाग पडते घाई. रेकॉर्ड टाकायच्या आधीच "आला का" म्हणून बघितलं, तर एनएक्सडोमेन हे "नाही" सुद्धा कॅश होतं. किती वेळ, ते एसओए रेकॉर्डचा (झोनची मुख्य नोंद) शेवटचा आकडा आणि त्या रेकॉर्डचा टीटीएल यांतला लहान ठरवतो. ३६०० असेल तर तासभर बसा. म्हणून आधी नेमसर्व्हरलाच विचारायचं, रिझॉल्व्हरला नंतर.

पिंग एक पत्ता सांगतो आणि डिग दुसरा, तर होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरमधलीच नाव-पत्त्यांची यादी) उघडा. डिग ती वाचत नाही.

आणि तिकिटात नेमसर्व्हरचं अख्खं उत्तर चिकटवा, खालच्या तारीख-वेळेच्या ओळीसकट. दुसऱ्यांदा "४८ तास" लिहायला हात धजावत नाही.