कामिनो की मों ब्लांची प्रदक्षिणा?
स्पेनमधली कामिनो फ्रान्सेस म्हणजे सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री पायी नेणारी सुमारे ७८० किलोमीटरची, महिनाभराची वाट. आल्प्समधल्या मों ब्लां शिखराची प्रदक्षिणा जेमतेम १७० किलोमीटर, दहा-अकरा दिवसांत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड दाखवणारी. पण एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास! गुडघे कुरकुरतात ते मात्र उतारावर. जूनमध्ये खिंडींत बर्फ असू शकतो. मुक्कामांचं आरक्षण काही महिने आधीच करावं लागतं. पाय मुरगळला की सगळं वेळापत्रक कोसळलं. कामिनोवर सरकारी आल्बेर्गेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) बहुधा आरक्षणच नसतं, आधी पोचेल त्याला पलंग. दमलात, थांबा. (घोरणारे शेजारी फुकट.) बुर्गोस ते लेओन हे बिनसावलीचं पठार कंटाळा आणतं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कामिनोच सुचवेन. रजा कमी असेल तर सारिया गावापासून शेवटचे शंभरेक किलोमीटर चालूनही यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं.