पंपावर की बीटिंग हार्ट? बायपास ठरवताना फुप्फुसांचा विचार

आमच्या डिचोली-साखळीकडे कुणाला तीन ब्लॉक निघाले की गोमेकॉत, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, जायचं की खाजगीत, सरकारी दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर बसेल का यातच घरच्यांची रात्र जाते, आणि मग कुणीतरी सांगतो की मशीनवर घेतलं की फुप्फुसं जातात, बीटिंग हार्टच, म्हणजे हृदय चालू ठेवूनच बायपास, करून घ्या. आमचा मामा जन्मभर विड्या ओढलेला, त्यामुळे ही धास्ती आम्हालाही होती, म्हणून जे समजलं ते लिहितोय.

पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, करतात तेव्हा हृदय थांबवतात, काळपट रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, ऑक्सिजन घेऊन लालभडक होऊन महाधमनीत परत येतं. तेवढा वेळ व्हेंटिलेटर बहुतेकदा बंद, फुप्फुसं मिटलेली, आणि त्यांना रक्त मिळतं ते ब्रॉन्कियल धमन्यांतून, म्हणजे फुप्फुसांना पोसणाऱ्या छोट्या धमन्यांतून, येईल तेवढंच. त्यात रक्त प्लास्टिकला लागलं की शरीर ते परकं समजतं, पांढऱ्या पेशी खवळतात, फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि तिथेच जाळणारी रसायनं सोडतात, मग वाहिन्या गळू लागतात आणि पाणी हवेच्या पिशव्यांत उतरतं. पंप सुटून रक्त पुन्हा धावायला लागलं की त्यात आणखी भर. ऐकायला भयंकर आहे, पण बहुतेकांना हे सौम्यच होतं, म्हणजे एक-दोन दिवस ऑक्सिजन थोडा कमी, एक्स-रेत खालचा भाग दबलेला, बस. एआरडीएसपर्यंत, म्हणजे फुप्फुसं पाण्याने भरून ऑक्सिजनच घेता येत नाही इथपर्यंत, थोडेच जातात, मात्र जे जातात त्यांच्या जिवाला खरंच मोठा धोका असतो.

बीटिंग हार्टमध्ये स्टॅबिलायझरने हृदयाचा तेवढाच तुकडा स्थिर धरून टाके घालतात, फुप्फुसं चालू राहतात, सूजही कमी. पण छातीचं हाड कापतातच ना! बायपाससाठी छातीच्या आतली मॅमरी धमनी काढताना डाव्या फुप्फुसाचं आवरण बऱ्याचदा उघडतं, भूल असते, दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही आणि कफ साचतो. म्हणजे फुप्फुसाचा त्रास पंपाशिवायही होतोच.

आकडे बघा. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या 2012 च्या ‘कोरोनरी’ नावाच्या ट्रायलमध्ये 4752 पेशंट होते, श्वसनाची गुंतागुंत पंपाशिवाय 5.9 टक्के आणि पंपावर 7.5 टक्के. रक्तही कमी चढवावं लागलं. पण महिन्याभरात मृत्यू, स्ट्रोक, हार्ट अटॅक आणि डायलिसिसची वेळ आणणारं किडनी फेल्युअर हे सगळं मिळून फरक नाही, उलट ब्लॉकसाठी लवकर पुन्हा प्रोसिजर करायची वेळ पंपाशिवायवाल्यांवर जास्त आली. अमेरिकेतल्या ‘रूबी’ नावाच्या तशाच ट्रायलमध्ये तर पाच वर्षांनी मृत्यू पंपाशिवाय 15.2 टक्के आणि पंपावर 11.9 टक्के. त्यात पंपाशिवाय सुरू केलेल्यांपैकी 12.4 टक्क्यांना मध्येच पंपावर घ्यावं लागलं, आणि असं ऐनवेळी घाईत पंपावर घेणं हेच सगळ्यात वाईट.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, फुप्फुसं ठीक असतील तर तुमचा सर्जन रोज जे करतो तेच करू द्या, फुप्फुसांच्या भीतीने त्याला बीटिंग हार्टचा आग्रह धरू नका. फुप्फुसं आधीच खूप खराब असतील किंवा महाधमनीत चुना साचला असेल, तर बीटिंग हार्टबद्दल विचारायला खरं कारण आहे, पण ते नेहमी करणाऱ्याकडेच. व्हॉल्व्ह उघडं ऑपरेशन करून बदलायचा असेल तर प्रश्नच नाही, पंप लागणारच.

आणि स्टिरॉइड देऊन सूज आधीच दाबता येते असं कुणी म्हणालं तर दोन मोठ्या ट्रायल झाल्यात, 2012 ची डेक्सामेथासोनची आणि 2015 ची मिथाइलप्रेडनिसोलोनची, सरसकट दिल्याने मुख्य निकालात फायदा दिसला नाही.

आपल्या हातात जे आहे ते दोन्हीकडे सारखंच. विडी-सिगारेट शक्य तितकी आधी बंद, निदान चार आठवडे. श्वास ओढण्याच्या व्यायामाचं तीन बॉलवालं स्पायरोमीटर ऑपरेशननंतर हातात येतं तेव्हा दुखण्यामुळे ओढायला जमत नाही, म्हणून आधीच आणून सवय करा. नंतर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, ते पण घरीच शिकून घ्या. मामीने मामाकडून सकाळ-संध्याकाळ समोर बसून करून घेतलं, तो वैतागायचा तरी सोडलं नाही. आणि ओपीडीत जाल तेव्हा पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीचा, रिपोर्ट न्या, सर्जनना सरळ विचारा, डॉक्टर, तुम्ही जास्त कुठल्या पद्धतीने करता, आणि आमच्या पेशंटला मध्येच पंपावर घ्यावं लागायची शक्यता किती.