अंधाऱ्या पॅसेजसाठी झेडझेड की स्नेक प्लांट?

घोडबंदर रोडला पाटलीपाड्यात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीसमोर शेजारची बिल्डिंग. हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजला ऊन माहीतच नाही. भरदुपारी दिवा न लावता पेपरातले मथळे तेवढे वाचता येतात. अशा जागेसाठी विचारलं की नर्सरीवाला मनी प्लांट पुढे करतो. इतक्या कमी उजेडात त्याच्या दोन पानांत वीतभर अंतर पडतं आणि वेल केविलवाणा दिसतो. मग उरतात दोनच: दांड्यावर चकचकीत छोटी पानं असलेलं झेडझेड आणि उभ्या, पट्ट्यासारख्या पानांचं स्नेक प्लांट. मी दोन्ही आणली, पाच वर्षं शेजारी शेजारी ठेवली.

तग धरण्यात झेडझेड पुढे, हे आधीच कबूल करतो. पूर्व आफ्रिकेतलं हे झाड मातीखाली बटाट्यासारख्या गड्ड्यांत पाणी साठवून ठेवतं. आम्ही तीन आठवडे गावी होतो, त्याला पत्ताही लागला नाही. त्याच पॅसेजमध्ये वर्षाला दोन-तीन नवे दांडे येतात. स्नेक प्लांटला वर्षाकाठी दोन पानं आली तरी मी खूश असतो, आणि तीही जरा अरुंद, किंचित कललेली. एकाला मी सुतळी बांधून उभं ठेवलंय. (नाव शोधायला गेलात तर गोंधळू नका, स्नेक प्लांटच्या सॅन्सेव्हेरिया या जुन्या वंशाला आता ड्रॅसिना वंशात घातलंय.)

मग अडलं कुठे? धुळीत.

मेट्रोचं काम, ट्रकांची रांग, त्यात बाल्कनीचं दार उघडं. दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत आमच्याकडे टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. पानांवरही तोच थर, आणि जिथे मुळातच उजेड तुटपुंजा तिथे तो थर झाडाच्या तोंडचा घास काढतो. म्हणजे पुसणं आलं. स्नेक प्लांटची नऊ पानं आहेत. ओलं फडकं बुडापासून टोकापर्यंत एकदा ओढलं की पान झालं. चहा उकळेपर्यंत काम संपतं. झेडझेडची मी एकदा वैतागून मोजली: आठ दांडे, एकशे एकवीस पानं. वनस्पतिशास्त्रात तो अख्खा दांडा म्हणजेच एक पान, पण फडकं मारणाऱ्याला त्याचं काय! प्रत्येक पान दोन बोटांत धरून पुसायचं, तेवढ्यात शेजारचा दांडा कोपराला लागतो.

एका जुलैत शहाणपणा केला. कुंडी उचलून बाथरूममध्ये शॉवरखाली धरली. पानं आरशासारखी चकचकीत, पण माती चिंब. पावसाळ्यातल्या त्या दमट पॅसेजमध्ये ती तीन आठवडे वाळली नाही. मग दोन दांडे पिवळे पडले, हलकेच ओढल्यावर हातात आले, आणि खालचा गड्डा शिळ्या बटाट्यासारखा पिचपिचीत. आता शॉवर द्यायचा तर कुंडीला आधी प्लास्टिकची पिशवी बांधतो. दर पंधरवड्याला कोण करणार हे?

सडण्याचा धोका स्नेक प्लांटलाही आहेच. आई तुळशीला घालून उरलेलं पाणी त्याच्या मधल्या पोंग्यात ओतायची, त्यात एक पान बुडाशी कुजून आडवं झालं. पण आईला एकदा सांगून भागलं. घोडबंदरच्या धुळीला कोण सांगणार?

बाकी किरकोळ. दोन्ही मांजरीच्या आणि रांगत्या बाळाच्या तोंडापासून लांब ठेवायची. हवा शुद्ध होते म्हणून मात्र कुठलंच घेऊ नका. त्यासाठी ज्याचा दाखला देतात तो नासाचा १९८९चा अभ्यास बंद पेटीतला होता, उघड्या खिडकीच्या घराला तो लागू पडत नाही. कुणाला रोप द्यायचं असेल तर स्नेक प्लांटचा फुटवा मुळासकट सुटा होतो. पिवळ्या काठाचं असेल तर फुटव्यानेच वाढवा, पानाचा तुकडा लावलात तर येणारं रोप साधं हिरवं निघतं. झेडझेडचं पान मातीत खोचून गड्डा धरायची वाट बघणं म्हणजे महिनोन्‌महिने.

तुमचा मजला वरचा असेल, रस्ता लांब असेल आणि कोपरा आमच्याहून काळोखा असेल, तर झेडझेडच घ्या, मी आडवा येणार नाही. वाशीला सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीने विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. नर्सरीत जायच्या भानगडीत पडू नकोस म्हटलं, आणि आमचीच कुंडी तिच्या गाडीत ठेवून दिली.